कन्फर्मेशनचा फॉर्म कोराच परत द्या

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"ताई, सलाम. आम्ही नागपुरात मोहन नगरला राहतो. मी एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, मिस्टर रेल्वेत. दोघांनाही शिफ्ट ड्यूटी. घरात सासूबाई, दहावीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. मुलगा लहानपणापासून चर्चच्या संडे स्कूलचा. उन्हाळ्याच्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे सुटीतल्या बायबल शाळेत, वचनपाठांतराचं बक्षीस ठरलेलं असायचं. मागच्या वर्षीपासून रविवार आला की त्याची कारणं सुरू होतात, क्लासची टेस्ट आहे, पोट दुखून राहिलं, डोकं दुखून राहिलं. आता तर सरळ म्हणतो, 'मी नाही येऊन राहिलो, मला तिथे काही वाटतच नाही.' संडे स्कूलमध्ये त्याने एकदा विचारलं होतं, माझे मित्र बाप्तिस्मा न घेता मेले तर नरकात जातील का. सरांनी सगळ्यांसमोर 'हो' म्हटलं आणि असले प्रश्न सैतान सुचवतो म्हणाले. घरी विचारतो, सहा दिवसांत जग झालं तर डायनासोर कुठे बसवायचे? मला उत्तर येत नाही. गणपतीत मित्राकडे मोदक खाऊन आला तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. नोव्हेंबरात बिशप येणार आहेत. कन्फर्मेशनचा फॉर्म आणला, तो भरायला त्याने नकार दिला. मिस्टरांनी त्याच्या मित्रांसमोर थोबाडीत मारली. म्हणतात, छडी आवरली की पोरगं हातचं जातं, शास्त्रातच लिहिलंय. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, आईच ड्यूटीवर असते तर दुसरं काय होणार. सासरे होते तोवर रात्रीची प्रार्थना व्हायची, आता तीही राहिली. जेवायला एकत्र बसलो की चर्चच्या कमिटीचीच भांडणं. मुलगी मात्र गुणाची आहे, तिचं उदाहरण दिलं तरी तो चिडतो. मी कुठे कमी पडले? त्याला कन्फर्मेशनला कसं तयार करू? ता. क. नाताळात मित्रांना घरी बोलवायचं म्हणतो. सासूबाईंना काय सांगू?"

– एक आई

ताई, सलाम.

कन्फर्मेशनचं आधी घेते, कारण तारीख जवळ आहे. त्याला कसं तयार करू, असं विचारता. करू नका. या नोव्हेंबरात तरी नाही. फॉर्म कोराच परत द्या आणि पाळकसाहेबांना सांगा, मुलगा अजून तयार नाही, तयार झाला की तोच तुमच्याकडे येईल.

सासूबाईंना हे पटणं कठीण, म्हणून कारण नीट सांगते. मुलगा तान्हा असताना बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही दोघांनी आणि धर्ममायबापांनी त्याच्या वतीने वचनं दिली. कन्फर्मेशनमध्ये तीच वचनं तो मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने देतो, मग बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. सगळा विधी त्या मुलाच्या होकारावर उभा आहे. जो घरात 'मला काही वाटत नाही' म्हणतोय, त्याला नवा शर्ट घालून वेदीपुढे उभं केलं आणि 'मी विश्वास ठेवतो' म्हणायला लावलं, तर आपण त्याला देवाच्या घरात खोटं बोलायला लावलं. जोर केला तर तो म्हणेलही. अशी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कन्फर्मेशन होतं, फोटो निघतात, बिर्याणी होते आणि दहावीनंतर शाळा सुटावी तसं त्यांचं चर्च सुटतं.

मला तर तुमच्या मुलाच्या नकारात बरं लक्षण दिसतं. चार रकाने भरून सही ठोकणं त्याला सोपं होतं, घरात शांतताही राहिली असती. त्याने ते केलं नाही, कारण त्या कागदावर काय लिहिलंय हे त्याने गंभीरपणे घेतलं. हे त्याला तुमच्याच घरात मिळालंय.

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या नागपुरातही राहून गेले. नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगतात. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. माणसाच्या शब्दाला धार होती, लोकांची मनं वळवायची ताकद होती, तरी बायकोच्या वतीने 'हो' म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं. लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याचा शब्द म्हणून मान डोलावली नाही. टिळकांच्या घरात जे पाच वर्षं थांबलं, ते तुमच्या घरात एक-दोन वर्षं थांबलं तर काही बिघडत नाही.

आता थोबाडीचं.

छडीचं वचन तुमच्या मिस्टरांच्या लक्षात आहे, नीतिसूत्रे १३:२४. पण त्याच पवित्र शास्त्रात 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात हट्टी, बंडखोर मुलाला गावच्या वडिलांपुढे नेऊन धोंडमार करण्याची आज्ञाही आहे. ती आपल्यापैकी कोणी पाळत नाही आणि पाळत नाही म्हणून कोणाला अपराधीही वाटत नाही. म्हणजे जुन्या करारातलं आपण ख्रिस्ताकडे पाहून वाचतो, हे सगळ्यांनाच मान्य आहे, फक्त हात उगारताना विसरायला होतं. प्रेषित पौलाने इफिसकरांना आणि कलस्सैकरांना लिहिताना बापांनाच वेगळं बजावलंय की मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांच्या पत्रात कारणही दिलंय, मुलं खिन्न होतील. त्या काळी रोमन कायद्याने बापाच्या हातात मुलावर जवळजवळ अमर्याद अधिकार होता. अशा समाजात बापालाच आवर घालणारं हे वाक्य ऐकणाऱ्यांना चांगलंच टोचलं असणार. मिस्टरांना वचनं पाठ आहेत तर हीही सांगा. शाळेतसुद्धा मुलाला मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मास्तरांनी हात उचलला असता तर हेच मिस्टर शाळेत जाऊन भांडले असते.

मी त्यांना दुष्ट म्हणत नाहीये. त्या थोबाडीमागे भीती होती असा माझा अंदाज. मोहन नगर काय, गड्डीगोदाम काय, सदर काय, आपली माणसं थोडी आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. उपासना संपून बाहेर आलं की पहिला प्रश्न, 'मुलगा दिसला नाही?' दोन-चार रविवार हे ऐकलं की बापाला वाटायला लागतं, सगळी मंडळी मलाच मार्क देऊन राहिली. 'लोक काय म्हणतील' हे भूत बाप्तिस्मा घेतल्याने जात नाही.

पण माफी त्यांनी मागितली पाहिजे. 'मारायला नको होतं, चुकलं माझं' एवढंच. पुढे 'पण तूही' लावलं की माफी फुकट गेली. मित्रांसमोर मारलं, तेव्हा 'तुझ्या मित्रांसमोर मारलं, हे माझं चुकलं' हेही स्पष्ट म्हणावं. बाप मुलाची माफी मागतो हे आपल्याकडे अवघड जातं, मला कल्पना आहे. मात्र 'आमची पापे आम्हास क्षमा कर' हे ज्या घरात सगळे मिळून म्हणतात, तिथे बापाने एकदा ते प्रत्यक्ष केलं, तर वर्षभराच्या संडे स्कूलपेक्षा मुलाला जास्त कळेल. आणि कृपा करून हे उत्तर मिस्टरांना व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करू नका. मुलं झोपल्यावर समोरासमोर बोला. आधी त्यांचं ऐका. त्यांच्या वडिलांनी त्यांना कसं वाढवलं ते विचारा, बरंच बाहेर येईल. माफीनंतर लगेच समजावणीला बसू नका. दोघांना सकाळी तर्री पोहे खायला पाठवा आणि चर्चचा विषय काढायचा नाही असं मिस्टरांना बजावून पाठवा.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका, ती आधी वेगळी काढून पाहा. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला मी सांगायला नको. एखादं मूल एखाद्या ठिकाणी जायचं अचानक टाळायला लागलं आणि त्याच दिवशी त्याचं पोट-डोकं दुखायला लागलं, तर तिथे कोणी त्याला त्रास दिला का, हे शांतपणे विचारायचं असतं. कोणी टिंगल करतं का, कोणी धमकावतं का, कोणी नको तसा हात लावला का. चर्च आपलं आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही असं नसतं. उलट आपलं आहे म्हणूनच विचारायचा. एकट्यात विचारा, चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. उत्तर 'हो' आलं तर मंडळीची इज्जत वगैरे सगळं बाजूला ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा आहे, चाइल्डलाइनचा १०९८ नंबर आहे, पोलीस आहेत. पत्रावरून मला तसं वाटत नाही, सगळी गाडी त्या नरकाच्या प्रश्नावर अडलेली दिसते. तरी विचारून घ्या.

त्या नरकाच्या प्रश्नाकडे आता येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत.

नागपुरात वाढणाऱ्या आपल्या मुलाचे मित्र कोण असतात? कोणाचे आई-बाबा धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला जातात, कोणाकडे दहा दिवस गणपती, कोणाकडे ईदची शीर-खुर्मा. मारबतीची मिरवणूक बघायला सगळे मिळून महाल भागात जातात. अशा मुलाला आपण शिकवतो की देव प्रीती आहे, आणि मग तो हिशोब मांडतो, माझ्या मित्रांचं काय? हा प्रश्न प्रेमातून आलाय. शेजाऱ्यावर प्रीती करा हे त्याने मनावर घेतल्याचा हा पुरावा आहे. त्याला सैतानाचं नाव दिलं गेलं, तेही वर्गासमोर. मी त्या जागी असते तर मीही पोटदुखी काढली असती.

अब्राहामाने सदोम शहराचा नाश टळावा म्हणून देवाशी घासाघीस केली, ती याच जातीच्या प्रश्नावर. सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, असं त्याने देवाला तोंडावर विचारलं (उत्पत्ती १८:२५). देव रागावला नाही, पन्नास नीतिमान माणसं सापडली तर शहर वाचवीन, इथून दहापर्यंत खाली आला. मुलाला हा अध्याय दाखवा. मग खरं ते सांगा, की या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. बऱ्याच मंडळ्या ठामपणे मानतात की ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६२ ते १९६५ दरम्यान, म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. माझं विचाराल तर मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला नकार देते. ती खुर्ची ज्याची आहे तो क्रुसावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागून गेलाय, त्याच्यावर मी तुझ्या मित्रांबाबत भरवसा ठेवते, एवढं मी पंधरा वर्षांच्या मुलाला सांगेन. तुमचं मत वेगळं असेल तर तुमचं सांगा. 'मला माहीत नाही' असेल तर तेच सांगा. फक्त विचारल्याबद्दल त्याला शिक्षा नको.

येशू स्वतः बारा वर्षांचा असताना यरुशलेमात मागे राहिला. आईबाप तीन दिवस शोधत होते. सापडला तेव्हा मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. मरियेने आधी विचारलं, बाळा, असं का वागलास? शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने पुढे प्रांजळपणे लिहून ठेवलंय की त्याचं उत्तर आईबापांना कळलंच नाही. मरियेलासुद्धा कळलं नाही! तुम्हाला डायनासोरचं उत्तर येत नाही याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका.

आणि डायनासोरचं उत्तर नागपुरातच आहे. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३पासून उभं आहे, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप मिशनरी तर होतेच, पण फावल्या वेळात हातोडी घेऊन नागपूरच्या आसपास दगड फोडत फिरायचे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी इथले जीवाश्म गोळा केले, त्यावर १८५०च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. हिस्लॉपाइट हे खनिजाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. रविवारी प्रवचन करणारा माणूस सोमवारी कोट्यवधी वर्षांपूर्वीचे दगड हातात घेत होता आणि त्याचा विश्वास कुठे गेला नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय भूगर्भशास्त्राचं पुस्तक म्हणून वाचायचा नसतो, असं मानणारे पाळक आपल्याकडे भरपूर आहेत. बापलेकाला एखाद्या सुटीत काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं पाहायला पाठवा. मुलगा मिस्टरांना दोन गोष्टी शिकवेल, ते ऐकून घेतील, तेवढ्यानेही फरक पडेल.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: जेवायला एकत्र बसलो की चर्चच्या कमिटीचीच भांडणं. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितलंय की देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. मंदिराचा तिथे उल्लेख नाही, सगळा घरातला आणि रस्त्यावरचा कारभार आहे. आणि याच अध्यायात पुढे म्हटलंय की उद्या मुलगा विचारेल, या आज्ञांचा अर्थ काय. विचारणार हे गृहीतच धरलंय. तुमच्या घरात बसताना-उठताना काय ऐकू येतं? पास्टोरेट कमिटीत कोण निवडून आलं, ट्रस्टच्या जागेचं काय झालं, कोणी कोणाला नमस्कार केला नाही. मुलगा वर्षभर हे ऐकत ताटावर बसलाय. चर्च म्हणजे मोठ्या माणसांचं भांडण, अशीच त्याची समजूत झाली असणार. मग तिथे 'काही वाटत नाही' म्हणाला तर नवल कसलं? कमिटीचे प्रश्न खरे असतील, मिस्टर त्यात न्यायाच्या बाजूने भांडतही असतील. पण ते फोनवर, गच्चीवर, मुलांच्या कानाआड. ताटावर नको.

रात्रीची प्रार्थना पुन्हा सुरू करा, मुलासाठी म्हणून नाही, तुम्हा दोघांना हवी आहे म्हणून. सासऱ्यांच्या वेळची अर्ध्या तासाची करायला गेलात तर आठवड्यात बंद पडेल. एक स्तोत्र, एक गीत, दोन मिनिटं प्रार्थना. कोणाची नाइट असेल तर जे घरी असतील त्यांनी. मुलगा बसला तर बसू दे, नाही तर आतल्या खोलीत राहू दे, दार बंद केलं तरी घर तेवढंच आहे, ऐकू जातंच. आणि एक पथ्य पाळा. प्रार्थनेतून मुलाला टोमणे मारू नका. 'प्रभू, या घरात ज्याचं मन कठीण झालंय त्याला सुबुद्धी दे' ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, पलीकडच्या खोलीला असते. सासूबाईंना यात विशेष गती असेल तर त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

मग रविवारी त्याने यायचंच नाही का? माझं मत सांगते, सगळ्यांना आवडेल असं नाही. विश्वास ठेव असा हुकूम कोणाला देता येत नाही, पण घराचे नियम असू शकतात. महिन्यातला एक रविवार सगळ्यांनी मिळून चर्चला, नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टरला सगळ्यांनी, हा घराचा नियम ठेवा. तो आजीच्या वाढदिवसाला येतो तसा इथेही येईल, कुटुंब म्हणून. बाकीच्या रविवारी त्याला सूट द्या, पण टेस्टचं खोटं कारण चालणार नाही. 'मला यायचं नाही' एवढं खरं बोललं की पुरे. ज्या रविवारी तो घरी राहील, त्या दिवशी कुकर लावायचं काम त्याचं. फोन, झोपायची वेळ, मोठ्यांशी बोलायची पद्धत, या बाबतीत मात्र ढिले पडू नका. नाहीतर चर्चपायी झालेल्या भांडणाची भरपाई म्हणून आईबाप मोबाइल मोकळा सोडतात, तेही मी पाहिलंय. आणि चर्चला आलास तर डेटा पॅक मारून देतो, असला सौदा अजिबात नको.

पाळकसाहेबांकडून एक काम करून घ्या. त्यांनी मुलाला ऑफिसात बोलावू नये, घरी यावं, चहा प्यावा आणि त्याचे प्रश्न ऐकावे. त्यांना आधी सांगा की उत्तरं देण्याची घाई नको. संडे स्कूलच्या सरांशी भांडायला जाऊ नका. आपल्याकडे हे सर बहुतेक बिनपगारी, नोकरी सांभाळून येणारे असतात, त्यांनाही कोणी काही शिकवलेलं नसतं. पण पुढच्या मुलाला 'सैतान सुचवतो' ऐकावं लागू नये, एवढं पाळकांच्या कानावर घालाच.

मुलीचं उदाहरण देणं आजपासून बंद. बाप इसहाकाचा एसाववर जीव आणि आई रिबकेचा याकोबावर, त्यातून भावाभावांत कसं वैर झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय मुलीचाही विचार करा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात जो मोठा भाऊ घरातच राहिला, सगळं ऐकत राहिला, तो शेवटी दाराबाहेर रुसून उभा आहे. 'गुणाची' हे लेबल लागलेलं मूल प्रश्न गिळून टाकायला शिकतं. पाच-सहा वर्षांनी ती विचारू लागेल तेव्हा तिला मोकळेपणाने विचारता यावं.

मोदकाचं थोडक्यात. रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय सासूबाई आणि मुलगा, दोघांनाही लागू आहे. जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, जो खात नाही त्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. माझ्या मते मित्राच्या आईने हातावर ठेवलेला मोदक खाणं म्हणजे मूर्तिपूजा नव्हे. सासूबाईंच्या विवेकाला ते पटत नसेल तर त्यांनी खाऊ नये आणि नातवाने त्यांची थट्टा करू नये. यापुढे ताणू नका.

तुम्ही विचारलंत, मी कुठे कमी पडले. आईची ड्यूटी हे कारण मला मान्य नाही. आजारी माणसांची नाइट करून सकाळी डबा भरणारी आई मुलाने रोज पाहिली आहे, त्यातून तो जे शिकला ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. याजक एलीने आपल्या मुलांचं वागणं आवरलं नाही म्हणून देवाने त्याला दोष दिला, हे सासूबाई सांगतील. पण त्याच मंदिरात वाढलेला शमुवेल, ज्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही, त्याचीही मुलं योएल आणि अबीया लाच खाऊ लागली (१ शमुवेल ८). शास्त्राने ते लपवलं नाही, त्याचं खापर शमुवेलाच्या बायकोवरही फोडलं नाही. मुलं आपल्या हातात असतात ती काही वर्षं, आणि तेव्हाही पूर्ण नसतात.

सासूबाईंना मात्र बाजूला टाकू नका, त्या तुमच्या कामाच्या आहेत. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, त्याच्यापर्यंत विश्वास पोहोचला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. पौलाने दोघींची नावं घेऊन लिहिलंय (२ तीमथ्य १:५). आजीने उपदेश करण्यापेक्षा नातवाला गोष्टी सांगाव्या. त्यांच्या लहानपणी घरात काय हाल होते, आजोबा कसे गेले, तेव्हा त्यांना देव कुठे दिसला, कुठे नाही दिसला. 'कुठे नाही दिसला' हेही सांगितलं तर मुलगा जागचा उठणार नाही.

राहता राहिली ता. क. नाताळात मित्रांना जरूर बोलवा. जो मुलगा आपल्या सणाला मित्र घरी आणायचं म्हणतो, त्याने हे घर आणि हा सण सोडलेला नाही. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायचं काम त्याला आणि त्या मित्रांना द्या, थर्माकोल आणि लाइटिंग ती मुलं आपल्यापेक्षा बरी करतात. सासूबाईंना सांगा, मुलं तुमच्या हातच्या करंज्या खायला येताहेत, बाकी मन वळवायचं काम करंज्या करतील. मित्रांपैकी कोणी पाया पडायला वाकलं तर त्यांनी डोक्यावर हात ठेवावा, तिथे धर्मशास्त्र काढू नये. आणि नाताळची गाणी म्हणत फिरणारे कॅरलवाले त्याच रात्री तुमच्याकडे येणार असतील तर तरुण संघाकडून वेळ आताच पक्की करून घ्या, नाहीतर मित्र साडेनऊला घरी जातील आणि कॅरलवाले गिटार घेऊन पावणेबाराला दार वाजवतील.